हिरवळीवरची पिवळी पावलं

१

नमुना बागेच्या मधोमध हिरवळ मेली होती.

सुकली नव्हती, मेली होती. सुकलेल्या गवताला पाणी घातलं की ते मान वर करतं. हे आता कशानेही उठणारं नव्हतं. सतरंजीएवढा तुकडा पिवळाजर्द आणि चहूबाजूंना गवत हिरवंगार. परवाना खात्याच्या तपासनीस बाई कमरेवर हात ठेवून त्याच्या कडेला उभ्या राहिल्या, आणि त्यांना पहिला विचार आला तो असा, की हे काम नीट डोकं लावून केलेलं आहे.

बाईंना शहरातले सगळे धंदेवाले त्यांच्या मागे ‘लाल शाई’ म्हणत. किती अर्ज त्यांनी लाल शाईचे शेरे मारून परत पाठवले होते त्याला गणतीच नव्हती. हे नाव त्यांच्या कानावर आलेलं होतं आणि त्यांना ते मनातून आवडायचंही. चूक सापडली नाही असा दिवस त्यांना फुकट गेल्यासारखा वाटे.

आज मात्र त्या चूक शोधायला आलेल्याच नव्हत्या. लोकांच्या बागा तयार करून द्यायचा धंदा काढायचा, तर या शहरात एका परवान्यावर भागत नाही. धंद्याचा एक, रोपं विकायचा दुसरा, मोठ्या झाडाची फांदी छाटायची तर तिसरा, आणि औषध फवारायचं तर लेखी-तोंडी परीक्षा देऊन मिळणारा चौथा. शिवाय अर्जदाराने स्वतःच्या हाताने एक नमुना बाग लावायची आणि तपासनीसाने ती डोळ्यांनी बघायची. धाकटीने पहिले तिन्ही अर्ज असे चोख भरले होते की बाईंची लाल शाई तशीच राहिली. चौथ्याची परीक्षा पुढच्या महिन्यात होती. बाग पाहायची, सही करायची, निघायचं, एवढंच आज उरलं होतं.

धाकटी म्हणजे अर्जदार. घरात धाकटी म्हणून सगळ्या गावाचीच धाकटी. तिशी ओलांडलेली, उन्हाने रापलेली, दोन्ही खांद्यांवर जाड कापडाची ठिगळं लावलेला कामाचा सदरा घातलेली. ती फाटकाशी उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग पार उतरला होता.

“बाई, हे मी नाही केलं,” ती म्हणाली.

“नियम ठाऊक आहे ना?”

“पाठ आहे. चौथा परवाना हातात येईपर्यंत अर्जदाराच्या जमिनीवर औषधाचा थेंब पडायचा नाही. पडला तर अर्ज रद्द, आणि तीन वर्षं नवा अर्ज नाही.” ती दोन पावलं पुढे आली. “तीन वर्षांत माझं सगळं मोडेल. दोन सोसायट्यांनी शब्द दिलाय, त्या काय तीन वर्षं थांबणार आहेत?”

बाईंना आठवडाभरापूर्वीचा फोन आठवला. कचेरीत त्यांनीच तो उचलला होता. पुरुषाचा आवाज, तोंडावर फडकं धरल्यासारखा. ‘धाकटीने नमुना बागेत तणनाशक मारलंय. मधोमध. जाऊन बघा,’ एवढं बोलून त्याने फोन ठेवला होता. अशा निनावी तक्रारी रोजच येत, म्हणून बाईंनी तो मनावर घेतला नव्हता.

“गवत पिवळं कधी पडायला लागलं?” त्यांनी विचारलं.

“चारेक दिवस झाले असतील. आधी मला वाटलं, पाणी कमी पडतंय.”

बाईंनी ते मनात ठेवलं आणि गुडघ्यावर बसल्या. मेलेल्या तुकड्याच्या कडेपासून नळाकडे, हिरव्या गवतात, काहीतरी पिवळं ठिपक्याठिपक्याने गेलं होतं. एक डावीकडे, एक उजवीकडे, पुन्हा एक डावीकडे.

ती माणसाची पावलं होती.

२

“औषधात बुडालेले बूट घेऊन कुणीतरी नळावर गेलंय,” बाई म्हणाल्या. “चालला तेव्हा काहीच दिसलं नसणार. आठ-दहा दिवसांनी गवतानेच पावलं वर काढली.”

पावलांवरून बुटाचं माप मात्र काढता येत नव्हतं. कडेचं गवतही थोडं थोडं जळून सगळ्या पावलांचा आकार फुगला होता. बाईंनी उगाच डोळे ताणले नाहीत. पावलं आहेत हेच पुष्कळ झालं, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात मागचं फाटक वाजलं आणि दादा आला. धाकटीचा थोरला भाऊ. शहरातली सगळ्यांत जुनी रोपवाटिका त्याची; फवारणीचा परवाना फ्रेम करून गल्ल्यामागे लावलेला. पांढरा स्वच्छ शर्ट, कडक इस्त्री, आणि बोलण्यात साखर पेरलेली. नऊ वर्षं धाकटी त्याच्याकडेच राबली होती, आणि तिच्या अर्जावर हमीदार म्हणून सहीही त्याचीच होती.

“मॅडम, माझ्या बहिणीच्या हातून चुकून काही झालं असेल तर जरा सांभाळून घ्या,” तो म्हणाला. “तिला काय कळणार औषधातलं? मी तिच्या हाती पंप कधी दिलाच नाही. परवाना नाही ना तिच्याकडे! आमच्याकडची सगळी फवारणी मी स्वतः करतो.”

धाकटी जमिनीकडे बघत राहिली.

“म्हणजे तुम्हाला वाटतं, हे हिनेच केलं?”

“छे, छे. माझी बहीण आहे ती. पण बाग दाखवायची घाई, त्यात मध्येच तण उगवलं, बाजारात कुणी बाटली दिली, मारलं असेल.” त्याने उसासा टाकला. “नाहीतर तो बागकामाचा ठेकेदार. हिला परवाना मिळाला तर त्याची कामं जातील. आणि शेजारचे मास्तर तर पाण्याच्या मोटरवरून रोज भांडतात.”

बचाव करता करता या गृहस्थाने बहिणीच्या गळ्यात फास नीट बसवला, हे बाईंच्या लक्षात आलं. पण भाऊ असं बोलतात ते कधी भाबडेपणानेही बोलतात. त्यांनी त्याला विचारलं, “तणनाशक मिळतं कुणाला?”

“परवानाधारकालाच. म्हणजे या भागात मला आणि ठेकेदाराला.” दादा हसला. “पण बाजार कसा असतो ते तुम्हाला मी काय सांगू?”

बाई निघाल्या, तशी धाकटी त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत आली. काहीतरी तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. मग तिने मागे वळून दादाकडे पाहिलं आणि ते गिळून टाकलं.

३

ठेकेदार एका सोसायटीच्या आवारात सापडला, पाठीवर पंप लावून फरसबंदीच्या फटींतलं तण मारताना. गडी आडवातिडवा, शर्ट खांद्यांवर पट्ट्यांनी घासून जाळीदार झालेला. बाईंना बघून तो थांबला नाही. एका हाताने दांडा हलवत, दुसऱ्या हाताने नळी धरून, एक एक पाऊल मागे टाकत तो त्यांच्याशी बोलू लागला.

“आरोप माझ्यावरच येणार, मला ठाऊक होतं. सांगून टाकतो. तिला परवाना मिळाला की माझी दोन-तीन कामं गेलीच. तो तिला मिळू नये असं मला वाटतं का? वाटतं. रोज वाटतं.”

“मग?”

“मग काय? वाटण्याला अजून परवाना लागत नाही ना?”

बाईंना हसू आलं ते त्यांनी चष्मा पुसता पुसता दाबलं. ठेकेदार मागे मागे जात होता, आणि त्याच्या टाचेच्या मागे फुलांची कुंडी होती. बाई सांगणार, तोच तो वीतभर अलीकडे आपोआप थांबला, कुंडीला वळसा घातला आणि पुन्हा मागे चालू लागला. मान वळवलीसुद्धा नाही.

“तुम्ही नेहमी असे उलटेच चालता?”

“म्हणजे सुलटं चालू? आपणच मारलेल्या औषधात पाय घालू?” त्याला तो प्रश्नच अपमान वाटला. “पुढे फवारायचं, मागे सरकायचं. पाय कोरडे राहिले पाहिजेत. पहिल्या आठवड्यात जो हे शिकत नाही त्याची बायको त्याला घरात घेत नाही. ओसरीपर्यंत विष आणतो ना तो.”

“आणि घाई असली तर?”

“घाईतच तर सवय कळते. आपण घाई आहे म्हणून नाकाने जेवतो का?”

तो जरा थांबला. “एक सांगतो. दादा मला आवडत नाही, पण त्याच्या बागांत फवारणी बघावी. ओळीची कड अशी सरळ, की मला हेवा वाटतो. हात आहे माणसाला.”

शेजारच्या मास्तरांकडे बाईंना पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मास्तर दोन महिने लेकीकडे होते, परवाच परतले होते आणि अजून त्यांच्या बॅगाही सोडलेल्या नव्हत्या. हे औषध आज मारलं आणि उद्या गवत मेलं, असं होत नाही. चांगला आठवडा जातो. गवतावर फवारणी झाली तेव्हा मास्तर इथे नव्हतेच.

“मोटरचा आवाज फार होतो, हे मात्र लिहून घ्या,” मास्तर म्हणाले. “आणि ती पोरगी गुणी आहे, तेही लिहून घ्या.”

घरी जाताना बाईंनी हिशेब मांडला. मास्तर गेले. ज्याला फवारता येतं तो मागे चालतो आणि त्याचे पाय कोरडे राहतात. त्याची पावलं उमटणारच नाहीत. म्हणजे परवानाधारक दोघेही गेले, ठेकेदार आणि दादा. ज्याने हे केलं त्याला फवारता येत नव्हतं. आणि ज्याच्या हाती पंप कधी दिलाच नाही, असं माणूस एकच होतं.

उरली धाकटी. हिशेबात खोट नव्हती, पण उत्तर काही केल्या बाईंच्या घशाखाली उतरेना.

४

नोकरीत बाईंनी एक गोष्ट कमावली होती. उत्तर पटत नसेल तर त्या स्वतःवर संशय घेत नसत, सरळ त्या हिशेबावरच घेत.

सकाळी चहाचं आधण ठेवताना त्यांना फोनवाला आठवला. त्याने फोन केला तो आठवड्यापूर्वी. गवत पिवळं पडलं ते चार दिवसांपूर्वी. म्हणजे हिरवळ अजून हिरवीगार होती, खुद्द धाकटीलाही पत्ता नव्हता, तेव्हा या गृहस्थाला औषध मधोमध मारलंय हे ठाऊक होतं. गवताच्या आधी त्याला कळलं. बघून कळलेलं नाही, करून कळलेलं आहे. आणि तो पुरुष होता.

चहाचं आधण उतू गेलं तरी बाई हलल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांसमोर ठेकेदाराचे झिजलेले खांदे आले. पंपाचे पट्टे रोज घासले की कापड तिथेच जातं. आणि मग दुसरा एक सदरा आठवला, त्याच दोन जागी ठिगळं लावलेला.

तासाभरात त्या धाकटीसमोर होत्या.

“तू पाठीवर पंप कधी घेतलायस?”

“नाही,” धाकटी म्हणाली. प्रश्न पुरा व्हायच्या आधीच म्हणाली.

“मग हे खांदे कशाने फाटले?”

धाकटीचा हात आपोआप ठिगळावर गेला. बाईंनी तिला खोदलं नाही. उद्या सकाळी सगळ्यांनी नमुना बागेत यावं, असा निरोप त्यांनी चौघांनाही धाडला. ठेकेदाराने एक पाठीवरचा पंप धुऊन आणायचा आणि त्यात साधं पाणी भरायचं.

५

सकाळी ऊन कोवळं होतं आणि चौघांचीही तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी. बागेच्या कडेला फरशीची कोरडी पायवाट होती. बाईंनी पंप तिच्या एका टोकाला ठेवला.

“फरशीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी ओली करायची. बस. पहिले ठेकेदार.”

ठेकेदाराने कुरकुरत पंप चढवला आणि टोकापर्यंत मागे मागे गेला. फरशी ओली, बूट कोरडे. मास्तर म्हणाले, मला गुडघ्यांमुळे माफ करा, आणि त्यांना बाईंनी केव्हाच माफ केलं होतं. ते फक्त बघायला आले होते आणि त्यांनी स्वतःची खुर्ची आणली होती.

फरशी वाळल्यावर बाई म्हणाल्या, “आता धाकटी.”

“तिला कशाला, मॅडम?” दादा पुढे झाला. “तिला येत नाही. सांगितलं ना मी.”

“नाही आलं तर पाणीच सांडेल.”

धाकटीने पंप उचलला आणि ती तशीच उभी राहिली. बाईंना तिची अडचण स्वच्छ दिसत होती. पुढे चालली, तर पावलं तिची ठरणार आणि हिरवळ तिने मारली असं होणार. मागे चालली, तर नऊ वर्षं परवान्याशिवाय फवारलं हे तिच्या टाचाच सांगणार. दोन्हीकडे विहीरच होती, आणि उडी कुठे मारायची हे तिचं तिलाच ठरवायचं होतं. बाईंना तिच्यासाठी वाईट वाटलं.

दादा हळू आवाजात म्हणाला, “विचार करून चाल, बाळ.”

त्या ‘बाळ’ने काय केलं कोण जाणे. धाकटीने दोन्ही पट्टे एका झटक्यात खांद्यांवर चढवले, थेट ठिगळांवर बसवले, नळी उजव्या हातात घेतली आणि पहिलं पाऊल मागे टाकलं. मग दुसरं. दांडा आणि पाय एकाच लयीत. पाण्याची कड सुतात धरल्यासारखी सरळ येत गेली. शेवटच्या फरशीपाशी ती थांबली तेव्हा तिच्या बुटांवर एक थेंब नव्हता.

ठेकेदाराने डोक्यावरची टोपी काढली. “अरे देवा,” तो म्हणाला. “ती ओळ हिची होय. आणि मी नऊ वर्षं या बाबाचा हेवा करतोय.”

“हो, मीच करत होते,” धाकटी बाईंना म्हणाली. “पहिल्या वर्षी माझ्या पावलांनी एका गिऱ्हाइकाचा अख्खा ताटवा मेला. तेव्हा शिकले. परवाना दादाचा, पंप माझा. अर्ज गेला तर जाऊ दे. पण माझी हिरवळ मी मारली असं मला कुणी म्हणायचं नाही.”

बाईंनी मान हलवली आणि फरशी वाळेपर्यंत थांबल्या.

“आता हमीदार,” त्या म्हणाल्या.

६

दादाने कंबर दुखत असल्याचं सांगितलं. मग त्याला एका गिऱ्हाइकाची वेळ आठवली. बाई शांतपणे म्हणाल्या, “परवानाधारकाची परीक्षा खात्याला केव्हाही घेता येते. नाही म्हणालात, तर आत्ताच्या आत्ता परवाना काढून घेईन.”

त्याने पंप घेतला. एक पट्टा उलटा अडकला तो ठेकेदाराने सरळ करून दिला. दादाने नळी पुढे धरली आणि छाती काढून, मिरवणुकीत चालल्यासारखा, सरळ पुढे निघाला. स्वतःच्याच पाण्यातून पचापचा पाय टाकत तो टोकाला पोचला, बुटांकडे पाहिलं, आणि हात धुवायला म्हणून नळाकडे वळला.

नळाकडच्या कोरड्या फरशीवर त्याची ओली पावलं उमटत गेली. एक डावीकडे, एक उजवीकडे. पलीकडच्या गवतात पिवळी पावलं होती, तीही नळाकडेच चाललेली. मास्तर खुर्चीतून अर्धे उठले होते.

“मला तुम्हीच चकवलंत,” बाई म्हणाल्या. “परवाना गल्ल्यामागे टांगलेला, म्हणून मी धरून चालले की फवारता येतं. तिथेच माझं चुकलं. औषध तुमच्या कपाटातलं. फाटक तुमच्या रोजच्या वाटेवरचं. आणि हिरवळ हिरवी असतानाच मला फोन करून मोकळे झालात. आणखी चार दिवस दम धरला असतात तर फोनवरून मी काहीच काढू शकले नसते.”

दादाने नळ बंद केला. नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण बहीण त्याच्याकडे बघत होती.

“ही गेली की माझ्याकडे उरतं काय?” तो शेवटी म्हणाला. “पाटी आणि गल्ला. रोपांची नावं मला येतात, पण एकही रोप माझ्या हाताला लागत नाही. मला वाटलं, तीन वर्षं अडली तर राहील इथेच.”

“मागितलं असतंस तर राहिले असते रे,” धाकटी म्हणाली. “अर्धा धंदा दे म्हटलं होतं मी तुला. तू म्हणालास, परवाना माझ्या नावावर आहे. आणि नऊ वर्षं सांगत आलास, की फवारलेलं कुणाला कळलं तर आधी तूच अडकशील.”

“असं सांगितलं यांनी?” बाईंचा चष्मा नाकावर खाली आला. त्यांना खरोखरच संताप आला होता, आणि संताप आला की त्या फार सावकाश बोलत. “मालकाच्या परवान्यावर, मालकाच्या सांगण्यावरून, मालकाच्या कामावर कामगाराने फवारलं, तर जबाबदार मालक. कामगाराला त्यात काही होत नाही. तुमच्या परवान्यामागेच छापलंय. फ्रेम केलीत ना, म्हणून ती बाजू भिंतीकडे गेली.”

धाकटी मटकन फरशीच्या कडेला बसली. नऊ वर्षांची भीती तिच्या चेहऱ्यावरून उतरताना सगळ्यांना दिसली. मग तिला रडू फुटलं, आणि मास्तरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

बाईंनी निकाल तिथल्या तिथे दिला. दादाचा परवाना त्या दुपारीच रद्द होणार होता. धाकटीचे तिन्ही अर्ज मंजूर. चौथ्याची परीक्षा तिने द्यायचीच, कारण नियम तो नियम, पण तोंडी परीक्षेला काय विचारायचं हे आता बाईंनाच सुचत नव्हतं. हिरवळीचा तो तुकडा खणून नव्याने पेरायचा. पहिल्या कापणीला गवत आलं की बाई पुन्हा येणार होत्या. ठेकेदार म्हणाला, बी माझ्याकडून घे, आणि मग बहुधा आपण काय बोलून बसलो ते कळून घाईने निघून गेला.

दादा सगळ्यांत शेवटी निघाला. फाटकाकडे जायला त्याने नेहमीसारखा हिरवळीवर पाय ठेवला.

“दादा,” धाकटी म्हणाली, “बूट काढ.”

“आज नुसतं पाणी आहे गं.”

“हो. आज.”

तो खाली वाकला, नाड्या सोडल्या, बूट हातात घेतले आणि गवताच्या कडेकडेने अनवाणी फाटकापर्यंत गेला. धाकटीने डोळे पुसले आणि पेरणीसाठी कुदळ आणायला ती आत गेली.